आहार आणि फायब्रोमायॅल्जिया : पुरावा, मर्यादा आणि स्थानिक अभ्यासाची दिशा

शरीराच्या बहुतेक सर्व भागांत महिनोन्‌महिने टिकून राहणारी वेदना, रात्रभर झोप घेऊनही न जाणारा थकवा आणि स्मरण व एकाग्रता यांत जाणवणारी मंदता, अशा लक्षणसमुच्चयास आधुनिक वैद्यकात फायब्रोमायॅल्जिया असे म्हणतात. ह्या विकाराची नोंद पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक होते. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या व क्ष-किरणचित्रे बहुधा निर्दोष येतात. त्यामुळे रुग्णाच्या तक्रारीकडे कुटुंबात आणि कित्येकदा दवाखान्यातही संशयाने पाहिले जाते. जिचे दुखणे कागदावर दिसत नाही ती स्त्री साहजिकच उपायांचा शोध आपल्या आवाक्यातील गोष्टींत, म्हणजे स्वयंपाकघरात, घेऊ लागते. हे सोड, ते खा, असा उपदेश तिला चहूकडून मिळतो. ह्या उपदेशास शास्त्रीय आधार किती आहे आणि त्याचे अनुसरण करताना हानी होण्याचा संभव कोठे आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. विकाराचे स्वरूप

१९०४ साली इंग्लंडमधील गॉवर्स ह्या वैद्यकाने अशा वेदनेस ‘फायब्रोसायटिस’ हे नाव दिले. स्नायूंमधील तंतुमय ऊतींचा दाह हे तिचे कारण असावे, असा त्यामागील तर्क होता. पुढील संशोधनात असा दाह सिद्ध झाला नाही. म्हणून दाहसूचक नाव मागे पडून १९७६ मध्ये हेंच ह्यांनी सुचविलेले आजचे नाव रूढ झाले. १९९० साली अमेरिकन संधिवात महाविद्यालयाने निदानाचे निकष ठरविले. शरीरावरील १८ ठराविक बिंदूंपैकी किमान ११ बिंदू दाबले असता दुखले पाहिजेत, अशी त्यांत अट होती. २०१० मध्ये ही अट वगळण्यात आली आणि २०१६ मध्ये नव्या निकषांत पुन्हा सुधारणा झाली. आता शरीराच्या १९ भागांपैकी किती भाग दुखतात हे मोजले जाते, आणि थकवा, अप्रसन्न जाग, बौद्धिक मंदता, डोकेदुखी, ओटीपोटातील दुखणे व खिन्नता ह्यांस मिळून ० ते १२ असे गुण दिले जातात. लक्षणे किमान तीन महिने असावी लागतात.

ह्या गुणपद्धतीतील एक बाब आहारविषयक संशोधनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पोटातील दुखणे हा गुणांकाचाच एक घटक आहे. अतएव एखाद्या आहाराने केवळ पोटास आराम पडला तरी एकूण गुणांक काहीसा उतरतो. परंतु त्यावरून स्नायूंच्या वेदनेचे मूळ कारण दूर झाले, असे अनुमान काढता येत नाही.

वेदनेच्या उत्पत्तीविषयी आज प्रचलित असलेले मत असे आहे की, ह्या विकारात दोष स्नायूंपेक्षा वेदनेचे संदेश ग्रहण करणाऱ्या व त्यांचे नियमन करणाऱ्या मज्जासंस्थेत अधिक असतो. सौम्य स्पर्श वा दाब हाही वेदनारूपाने जाणवू लागतो. रुग्णांच्या मेरुद्रवात ‘सब्स्टन्स पी’ ह्या वेदनावाहक द्रव्याचे प्रमाण निरोगी व्यक्तींहून पुष्कळ अधिक आढळले आहे. अशा वेदनेसाठी आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघाने २०१७ साली ‘नोसिप्लास्टिक’ ही स्वतंत्र संज्ञा स्वीकारली. वेदना खरी असते आणि तपासणीचा कागद कोरा असतो. ह्या दोन गोष्टींत विसंगती नाही, हे येथे स्पष्ट होते.

२. आहाराचा संबंध कोणत्या मार्गांनी संभवतो

आहार व ही वेदना यांचा संबंध मुख्यतः चार मार्गांनी कल्पिता येतो. पहिला मार्ग पोषणद्रव्यांच्या उणिवेचा. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावी हाडे मृदू होऊन सर्वांग दुखते. ब-१२ च्या अभावी थकवा, मुंग्या व विस्मरण उद्‌भवते. लोहाच्या अभावी पंडुरोग होऊन शक्तिपात होतो. ह्या उणिवा फायब्रोमायॅल्जियाचे सोंग घेऊ शकतात, आणि मूळचा विकार असल्यास त्याचा भारही वाढवू शकतात. दुसरा मार्ग आतड्याचा. ह्या रुग्णांपैकी पुष्कळांना आतड्याच्या क्षोभाचाही त्रास असतो. २०१९ साली कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठाच्या संशोधकांनी फायब्रोमायॅल्जिया असलेल्या ७७ स्त्रियांच्या आतड्यांतील जीवाणुसमूह इतरांहून भिन्न असल्याचे दाखविले; मात्र हा भेद विकाराचे कारण आहे की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. तिसरा मार्ग शरीराच्या वजनाचा, आणि चौथा अन्नातून येणाऱ्या ग्लुटामेटसारख्या मज्जा-उत्तेजक द्रव्यांचा.

३. प्रयोगांचा पुरावा

ड जीवनसत्त्वाविषयी ऑस्ट्रियातील एक छोटा पण काटेकोर प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तात हे जीवनसत्त्व कमी असलेल्या ३० स्त्रियांचे दोन गट करून एका गटास ते २० आठवडे देण्यात आले व दुसऱ्यास निष्क्रिय औषध देण्यात आले. पहिल्या गटाची वेदना लक्षणीय प्रमाणात उतरली. ह्या प्रयोगाचा अर्थ मर्यादेनेच घेतला पाहिजे. उणीव असलेल्यांत ती भरून काढल्याने लाभ झाला. उणीव नसलेल्यांस मोठ्या मात्रा दिल्याने लाभ होतो, असे त्यावरून म्हणता येत नाही.

वजनाविषयी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ८३ स्थूल रुग्णांचा समावेश होता. सहा महिने वजन घटविणाऱ्या गटाची झोप, मनःस्थिती व एकूण कार्यक्षमता दुसऱ्या गटाहून सुधारली. ह्या विकारात दिल्या जाणाऱ्या प्रीगाबालिन व अमिट्रिप्टिलीन ह्या औषधांनी वजन वाढण्याचा संभव असल्यामुळे ह्या निष्कर्षास व्यावहारिक महत्त्व आहे.

आतड्यात आंबणाऱ्या विशिष्ट शर्करा वर्ज्य करणाऱ्या आहाराचा, म्हणजे तथाकथित ‘फॉडमॅप’ आहाराचा, प्रयोग पोर्तुगालमध्ये ३८ स्त्रियांवर झाला व २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांत पोटाचे त्रास व वेदना दोन्ही कमी झाल्या. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता; आणि आहार बदलला आहे हे जाणणाऱ्या रुग्णाच्या अपेक्षेचा परिणाम वेदनेवर होतो, हे सर्वविदित आहे. गव्हातील ग्लुटेनसंबंधी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ७५ रुग्णांपैकी काहींना ग्लुटेनविरहित आणि काहींना केवळ अल्प-उष्मांकी आहार २४ आठवडे देण्यात आला. दोहोंत लक्षणीय अंतर आढळले नाही. केवळ ग्लुटेनविरहित गट पाहिला असता तर त्याचे श्रेय गहू सोडण्यास दिले गेले असते. तुलनेच्या गटाचे मोल येथे दिसून येते.

ग्लुटामेटविषयीचा पुरावा परस्परविरोधी आहे. २०१२ च्या एका अमेरिकन प्रयोगात अशी द्रव्ये चार आठवडे वर्ज्य करणाऱ्या ३७ रुग्णांपैकी ८४ टक्क्यांनी आपली बरीच लक्षणे निमाल्याचे सांगितले, आणि पुढे नकळत ग्लुटामेट दिल्यावर लक्षणे परतली. उलट स्पेनमध्ये ७२ स्त्रियांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मोनोसोडियम ग्लुटामेट (व्यवहारात ‘अजिनोमोटो’) आणि ॲस्पार्टेम सोडल्याने वेदनेत फरक पडला नाही. पहिल्या प्रयोगातील सर्व रुग्णांना आतड्याच्या क्षोभाचाही विकार होता. रुग्णवर्ग भिन्न असल्यास निष्कर्षही भिन्न येऊ शकतात.

ह्या सर्वांचे तात्पर्य असे की कोणताही एक आहार ह्या विकाराचा उपाय म्हणून सिद्ध झालेला नाही. युरोपीय संधिवात संघाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत ठाम शिफारस एकाच उपायाची आहे, आणि तो म्हणजे व्यायाम.

४. मराठी ताटाचा विचार

परदेशी प्रयोगांतील पथ्ये जशीच्या तशी येथे लागू करणे युक्त नव्हे. आतड्यात आंबणाऱ्या शर्करांच्या यादीत कांदा, लसूण, गहू, हरभरा, राजमा व दूध हे पदार्थ येतात. म्हणजे ज्या जिल्ह्यातील लासलगावची बाजारपेठ कांद्यासाठी देशभर ओळखली जाते, तेथील फोडणीचा आधारच निघून जातो. उलटपक्षी तांदूळ, ज्वारी, बाजरी व नागली ही धान्ये ह्या दृष्टीने सौम्य ठरतात. भाकरीस परतणे हे ग्लुटेनविरहित महागड्या पिठांपेक्षा अधिक सुलभ आणि अधिक पोषक होय.

‘वातूळ’ पदार्थांची लोकपरंपरेतील कल्पना येथे आठवल्यावाचून राहत नाही. वाल, वाटाणा, हरभऱ्याची डाळ हे पदार्थ वातूळ मानले जातात आणि अंग दुखणाऱ्यांना ते वर्ज्य सांगितले जातात. हेच पदार्थ आधुनिक यादीतही बहुतांशी आढळतात. तथापि साम्य म्हणजे सिद्धी नव्हे. परंपरेत वातूळ मानलेला बटाटा आधुनिक यादीत निरुपद्रवी आहे, आणि आधुनिक यादीतील गव्हास परंपरेने वातूळ मानलेले नाही.

चातुर्मासात कांदा, लसूण व वांगी वर्ज्य करण्याची अनेक घरांची प्रथा हा वरवर पाहता एक नैसर्गिक प्रयोगच वाटतो. ह्या काळात दुखणे कमी झाले, असे एखाद्या स्त्रीने सांगितल्यास ते खोटे मानण्याचे कारण नाही. परंतु त्याच काळात उपवास वाढतात, बाहेरचे खाणे घटते, ऋतू पालटतो आणि व्रताचे मानसिक समाधानही लाभते. ह्यांपैकी कशाने गुण आला, हे सांगता येणार नाही. शिवाय उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी व तळलेले पदार्थ हाच आहार असल्यास प्रथिने व लोह यांचे प्रमाण आणखी उतरते.

खरा धोका येथेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत पंडुरोग आढळला. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि नागरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. जेथे घरातील सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेल्यात भागविणारी स्त्री आधीच उणिवांनी ग्रस्त आहे, तेथे वेदना घालविण्यासाठी तिला डाळी व दूध सोडण्यास सांगणे म्हणजे अनिश्चित लाभासाठी निश्चित हानी पत्करणे होय. शाकाहारी कुटुंबात डाळ वर्ज्य केल्यास तिची जागा कोण घेणार, ह्या प्रश्नाचे उत्तर दिल्याविना पथ्य सांगणे हे अपुरे वैद्यक ठरते.

५. गंगापूर रोड परिसर : अभ्यासक्षेत्र म्हणून

महाराष्ट्रात वेदनाविकारांच्या लोकाधिष्ठित अभ्यासास एक सुप्रतिष्ठ परंपरा आहे. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा ह्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने घरोघर पाहणी सुरू केली. ४ हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना स्नायू वा सांध्यांची दुखणी असल्याचे तीत दिसून आले. ह्या पाहणीचा मुख्य धडा असा की दुखणे मोजण्यासाठी रुग्णालयाच्या दारात बसून चालत नाही; त्यासाठी घरी जावे लागते.

आहाराच्या प्रश्नास ही पद्धती लावण्यास नाशिकचा गंगापूर रोड विशेष अनुकूल आहे. अशोक स्तंभापासून निघून आनंदवल्ली, गंगापूर, गोवर्धन अशा क्रमाने गिरणाऱ्याच्या दिशेने जाताना काही किलोमीटरच्या आतच तीन निराळ्या आहारपद्धती भेटतात. आरंभी सदनिकांत राहणारा नोकरदार वर्ग, त्याचे गव्हाचे व बाहेरील तयार खाणे. पुढे द्राक्षे व भाजीपाला पिकविणारी शेतकरी कुटुंबे. त्यापलीकडे नागली, भात व वरई ह्यांवर उपजीविका करणारे आदिवासी पाडे. गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे आणि शहरात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. म्हणजे पाहणीस लागणारे विद्यार्थिबळ आणि वैद्यकीय मार्गदर्शन दोन्ही निकट आहेत.

अशा अभ्यासात काही दक्षता आवश्यक ठरतील. प्रथम, २०१६ च्या निकषांची प्रश्नावली बोलीतून तयार करावी लागेल. ‘अंग मोडून येणे’, ‘कसकस’, ‘ठणका’ हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. दुसरे, आहार नोंदविताना घरात काय शिजले एवढेच न विचारता त्या स्त्रीच्या ताटात काय आले हे वाटी व भाकरीच्या मापाने नोंदवावे. तिसरे, थायरॉइड, रक्तरंजक, ब-१२ व ड जीवनसत्त्व ह्यांची तपासणी आहार बदलण्यापूर्वी करावी. चौथे, पोटाचा गुणांक व वेदनेचा गुणांक स्वतंत्र ठेवावेत. पाचवे, कांबळणी, खुरपणी यांसारख्या कष्टाचे तास व झोपेचे तास यांचीही नोंद ठेवावी. कारण द्राक्षहंगामातील अंगदुखीचे कारण ताटापेक्षा कामातच असण्याचा संभव अधिक.

६. उपसंहार

रुग्णास आज काय सांगता येईल, ह्याचे उत्तर साधे आहे. प्रथम उणिवा शोधून त्या भरून काढाव्यात. वजन अधिक असल्यास ते हळूहळू उतरवावे. नियमित चालणे व व्यायाम सोडू नये. पोटाचा त्रास असल्यास संशयित पदार्थ एकेक करून, दोन ते सहा आठवड्यांपुरता, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली बंद करावा. आणि तो पुन्हा सुरू करून पाहावा. पुन्हा सुरू करण्याची ही पायरी सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते, आणि तिच्यावाचून तात्पुरते पथ्य आजन्म निर्बंध होऊन बसते. फरक न पडल्यास तो पदार्थ निःशंकपणे ताटात परतावा. वेदनेने आधीच पुष्कळ हिरावलेल्या व्यक्तीच्या आहारातून पुराव्यावाचून आणखी काही काढून घेण्याचा अधिकार शास्त्रास नाही.