जवळीक : समज, गैरसमज आणि पुरावे

दोघांमध्ये जवळीक आहे असं कुणी म्हटलं की आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतात. संसारातली जवळीक कमी झाल्याची तक्रार कानावर आली तरी सल्ला देणारा थेट शय्येपर्यंत पोचतो. मुलं आईवडिलांशी मोकळेपणाने बोलत नाहीत, दोन मित्र दुरावतात, म्हातारपणी भरल्या घरात एकटेपण येतं, या सगळ्यातही जवळीकच हरवलेली असते, पण त्याकडे त्या नजरेने क्वचितच पाहिलं जातं. मानसशास्त्राने हा घोळ केव्हाच सोडवला आहे. रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी 1986 साली प्रेमाची जी मांडणी केली तिच्यात जवळीक, शारीरिक ओढ आणि बांधिलकी हे तीन वेगवेगळे घटक आहेत. एक असला म्हणजे दुसरा असेलच असं नाही. मग जवळीक कशाने होते? स्पर्शाने, सहवासाने की मन मोकळं करण्याने? आपण बहुधा या तिघांपैकी एखादं उत्तर देतो. गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या संशोधनावरून मात्र असं दिसतं की ही तिन्ही नुसती दारं आहेत. आपण हाक दिली की समोरच्याकडून ओ येते, आणि ती आपल्याला समजून घेऊन आलेली असते, हा अनुभव पुन्हा पुन्हा येत राहिला तरच जवळीक निर्माण होते.

सुरुवात तान्ह्या बाळापासून करावी लागते, कारण गैरसमजाची पहिली वीट तिथेच रचली गेली. जॉन वॉटसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1928 साली पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात मुलांना कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा असा सल्ला दिला होता. दूध मिळतं म्हणून बाळाला आई हवी असते, एवढाच त्या काळचा हिशेब. हॅरी हार्लो यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात माकडांच्या पिल्लांवर केलेल्या आणि 1958 साली मांडलेल्या प्रयोगांनी तो हिशेब मोडला. पिल्लांपुढे दोन खोट्या आया ठेवल्या होत्या, एक उघड्या तारेची आणि दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली तरी पिल्लू दूध पिण्यापुरतंच तिच्याकडे जाई आणि उरलेला वेळ कापडाला बिलगून बसे. ढोल वाजवणारं यांत्रिक अस्वल समोर आलं की घाबरून धावत जाई तेही कापडाकडेच. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे, आणि स्पर्श म्हणजेच माया असा निष्कर्ष त्यावरून चटकन काढला जातो. पुढची हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही. कापडाच्या आईपाशी वाढलेली ही पिल्लं मोठी झाल्यावर इतर माकडांत मिसळू शकली नाहीत, एकाच जागी झुलत बसू लागली. त्यांच्यातल्या ज्या माद्यांना पिल्लं झाली त्यांपैकी अनेकींनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, काहींनी त्यांना इजा केली. विल्यम मेसन यांनी नंतर खोटी आई हलती ठेवून पाहिली. ती कधी पुढे येई, कधी बाजूला सरके, आणि पिल्लाला तिच्याशी जुळवून घ्यावं लागे. या पिल्लांमध्ये ते झुलणं दिसलं नाही. कापड दोन्हीकडे होतं. स्थिर आई पिल्लाच्या स्पर्शाला काहीच उत्तर देत नव्हती.

माणसाच्या बाळाबाबत हेच एडवर्ड ट्रॉनिक यांच्या प्रयोगात डोळ्यांनी दिसतं. 1978 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आई काही महिन्यांच्या बाळासमोर बसते आणि आधी नेहमीसारखी हसते-बोलते. मग ती चेहरा निर्विकार करते. ती उठून जात नाही, रागावत नाही, बाळावरची नजरही काढत नाही. बाळ आधी हसून पाहतं, मग आवाज काढतं, हात पुढे करतं, आणि काहीच परत येत नाही असं दिसल्यावर तोंड फिरवून खुर्चीत गळून बसतं, नाहीतर रडू लागतं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत घडतं. आई आणि बाळ यांच्यातलं अंतर एका बोटानेही वाढलेलं नसतं, तरी त्या पोराला आई हरवल्यासारखं झालेलं असतं. शेजारी बसून प्रत्येक प्रश्नाला ‘हूं’ म्हणणारा नवरा किंवा मुलगा घरात सगळ्यांपासून दूर का वाटतो, याचं उत्तर मला या प्रयोगात जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

एका छपराखाली राहिलं की जवळीक आपोआप येते, हा दुसरा पक्का समज. त्याला आधार आहे, पण अर्धाच. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 साली एमआयटीच्या वेस्टगेट या विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच मजल्यावर लगतच्या दारात राहणाऱ्यांपैकी 41 टक्क्यांनी एकमेकांचं नाव जवळच्या मित्रांत घेतलं. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्क्यांवर आलं. चाळीतल्या सामाईक गॅलरीने ओळखी कशा वाढवल्या, हे जाणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण 1976 साली एबेसन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीत लोकांना मित्रांबरोबर नावडत्या माणसांचीही नावं विचारली, तेव्हा नावडती माणसंही शेजारपाजारचीच निघाली. आवाज, कचरा, गाडी लावण्याची जागा यांवरून खटके उडतात ते शेजाऱ्याशीच, आणि चाळीत नळावरची भांडणंही त्याच गॅलरीतली असत. सहवासामुळे गाठ पडते. पुढे मैत्र जुळणार की वैर, हे एकमेकांच्या वागण्यावर ठरतं.

तिसरा समज अलीकडचा आहे: मनातलं सगळं सांगून टाकलं की जवळीक होते. हॅरी रीस आणि फिलिप शेव्हर यांनी 1988 साली यावर जो सिद्धांत मांडला त्यात सांगणं ही पहिली पायरीच आहे. ऐकणाऱ्याने मला समजून घेतलं, माझा मान राखला आणि त्याला माझी काळजी आहे, असं सांगणाऱ्याला वाटलं तरच पुढची पायरी चढली जाते. ज्याँ-फिलिप लॉरेन्सो, लिसा फेल्डमन बॅरेट आणि पॉला पिएत्रोमोनाको यांनी 1998 साली हे तपासलं. विद्यार्थ्यांनी आपल्या रोजच्या संभाषणांची नोंद ठेवली होती. माहिती सांगण्यापेक्षा भावना सांगितल्याने जवळीक अधिक वाटली, आणि त्यातही समोरच्याने कसा प्रतिसाद दिला याचा वाटा ठळक होता. सांगितलेलं दुसऱ्या दिवशी चारचौघांत टोमणा होऊन परत आलं, तर न सांगितलेलं बरं होतं असं वाटतं, ते उगाच नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. हे सगळं अमेरिकी विद्यार्थ्यांचं झालं. आपल्याकडे आई मुलाला प्रेम शब्दांत सांगत नाही, वडील तर मुळीच नाही, मग आपली घरं कोरडी म्हणायची का? मुळीच नाही. प्रतिसाद शब्दांतच यावा असं वरच्या कुठल्याही पुराव्यात नाही. मेरी एन्सवर्थ यांनी आपलं पहिलं मोठं निरीक्षण 1954-55 मध्ये युगांडात, कंपालाजवळच्या गावांत केलं. ज्या आया बाळाच्या बारीकसारीक खोडी, सवयी, आवडीनिवडी नेमकेपणाने सांगू शकत, त्यांची मुलं आईपाशी अधिक निर्धास्त असत. म्हणजे मुलाकडे लक्ष असणं मोलाचं. परगावाहून येणाऱ्या मुलासाठी न विचारता त्याच्या आवडीची भाजी करणारी आजी हेच करते. व्हॅन आयझनडूर्न आणि क्रूननबर्ग यांनी 1988 साली आई-बाळाच्या नात्यावरचे आठ देशांतले 32 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या अभ्यासांतला फरक जास्त, सुमारे दीडपट निघाला. आपल्या संस्कृतीत हे चालतंच, असं म्हणून घरातल्या अबोल्याचं समर्थन करणाऱ्याला इथे आधार मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा की मग शरीराला काही मोलच उरलं नाही. उरतं, आणि जिवाइतकं उरतं. बोगोटातल्या इन्स्टिट्यूटो मातेर्नो इन्फांतील या रुग्णालयात 1978 साली उबवणपेट्या पुरत नव्हत्या आणि जंतुसंसर्ग वाढला होता, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. कांगारू मदर केअर ती हीच. भारतासह पाच देशांत 3,211 बाळांवर झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांपैकी 12 टक्के पहिल्या 28 दिवसांत दगावली. प्रकृती स्थिर होईपर्यंत थांबून मग आईकडे दिलेल्यांपैकी 15.7 टक्के. हा फरक एवढा मोठा होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. पण इथेही आई कापडाची नाही. ती चोवीस तास नवजात कक्षात बाळापाशी राहते, त्याचा श्वास, रंग, भूक ओळखते. मोठ्यांमध्येही तसंच दिसतं. जेम्स कोन यांच्या 2006 सालच्या प्रयोगात 16 विवाहित स्त्रियांना सौम्य विजेचा धक्का बसेल असं सांगून त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. परक्याचा हात धरल्यावर भीतीचा ताण थोडा उतरला, नवऱ्याचा हात धरल्यावर अधिक, आणि ज्यांचा संसार समाधानाचा होता त्यांच्यात सर्वांत जास्त. हात धरण्याची क्रिया तीच होती. तिच्यामागे वर्षानुवर्षांची ओ होती की नव्हती, यावर तिचा परिणाम ठरला.

म्हणूनच अंतरालाही मी घाबरत नाही. क्रिस्टल जियांग आणि जेफ्री हॅनकॉक यांनी 2013 साली दूर राहणाऱ्या आणि जवळपास राहणाऱ्या जोडप्यांच्या रोजच्या नोंदी ताडून पाहिल्या. दूरच्यांना वाटणारी जवळीक कमी नव्हती, काही बाबतींत जास्तच होती, कारण भेटणं मोजकं असल्याने ते बोलताना अधिक मोकळे होत. दुरून जोडीदार आहे त्यापेक्षा बरा भासतो, हेही त्याच अभ्यासात आहे, आणि ते विसरू नये. पण सांगलीतल्या आईने अमेरिकेतल्या मुलाला गुडघा दुखतो म्हणून सांगितलं आणि पुढच्या फोनवर त्याने पहिल्याच वाक्यात गुडघ्याची चौकशी केली, तर त्या दोघांत हजारो मैल असूनही जवळीक आहे. शेजारच्या खोलीतल्या मुलाला गुडघ्याचं ठाऊकच नसेल, तर तिथे ती नाही.