बाबूजींची गाणी टिकली कशी?

लोकप्रिय होणे आणि टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या तरुणपणी चौकाचौकांतील लाउडस्पीकरवर अहोरात्र गाजणारी कितीतरी गाणी आज आठवूनही आठवत नाहीत. उलट सुधीर फडके, म्हणजे सर्वांचे बाबूजी, यांची गाणी पुणे-मुंबईपासून आपल्या दारव्हा-दिग्रस-पांढरकवड्यापर्यंत आजही घराघरांत ऐकू येतात. ‘जुने ते सोने’ म्हणून हा प्रश्न निकालात काढणे मला पटत नाही. जुने तर सगळेच होते. मग सोने मोजक्याच गाण्यांचे का झाले?

या प्रश्नाशी यवतमाळचा एक धागा जुळलेला आहे. 1973 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले, तेव्हा अध्यक्षपदी ग. दि. माडगूळकर होते. मी त्या वेळी शाळकरी वयाचा. अध्यक्षीय भाषण समजण्याचे ते वय नव्हते. पण मोठी माणसे एकमेकांना काय सांगत होती ते पक्के आठवते. ‘कवी आले’, ‘पटकथाकार आले’ असे कोणीच म्हणत नव्हते. ‘गीतरामायणवाले आले’ एवढेच म्हणत. गीतरामायण आकाशवाणीवर येऊन गेल्याला तेव्हा सतरा-अठरा वर्षे झाली होती.

माडगूळकर आणि फडके दोघेही 1919 साली जन्मलेले. पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांच्या आग्रहातून ही मालिका उभी राहिली. 1 एप्रिल 1955 रोजी रामनवमीला पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढील वर्षीच्या एप्रिलपर्यंत दर आठवड्याला एक नवे गीत येत राहिले. वर्षाचे आठवडे बावन्न. परंतु त्या वर्षी अधिक मास आल्याने गीते झाली छप्पन्न. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक, ललिता फडके असे अनेक कंठ त्यात होते. श्रीरामाची गीते बाबूजींनी स्वतः गायिली. पहिल्या गीताचा कागद ऐनवेळी हरवला आणि माडगूळकरांना एका खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घेतले, अशी हकीकत सांगितली जाते.

कोणी म्हणेल, विषयच रामाचा होता, न टिकून काय करील? हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. रामावर मराठीत असंख्य गाणी झाली, त्यांतील बहुतेक विस्मृतीत गेली. शिवाय आपल्यासारख्या घरांचे काय? आपल्याकडची रामकथा वाल्मीकींची नव्हे. ती विमलसूरींच्या प्राकृत ‘पउमचरियं’ची आणि रविषेणाचार्यांच्या संस्कृत ‘पद्मपुराणा’ची. तिच्यात रावणाचा वध लक्ष्मणाच्या हातून होतो, श्रीराम मोक्षाला जातात आणि सीता अखेरीस आर्यिकेची दीक्षा घेते. माझी आजी देव-शास्त्र-गुरूंखेरीज कोठेही मान न झुकवणारी. तरी वनात सोडलेल्या सीतेचे ‘मज सांग लक्ष्मणा’ रेडिओवर लागले की तिच्या हातातले तांदूळ निवडणे थांबत असे. “आपल्यात तिला कृतांतवक्त्र सेनापती सोडून येतो,” अशी दुरुस्ती ती न चुकता करी आणि पदराने डोळे पुसत पुढचे कडवे ऐके. कथा दुसऱ्या परंपरेची होती. त्यातले बाईचे दुःख मात्र तिला परके नव्हते.

माझ्या मते पहिले मर्म येथे आहे. गीतरामायणातील प्रत्येक गीत कोणाच्या तरी तोंडी घातलेले आहे. कौसल्या बोलते, भरत बोलतो, शबरी बोलते. रामाची स्तुती करणाऱ्या भजनात गाणारा भक्तच असावा लागतो. येथे गाणारा आई होऊ शकतो, धाकटा भाऊ होऊ शकतो, टाकलेली पत्नी होऊ शकते.

दुसरे मर्म चालींत. बहुतेक चालींना रागांचा भक्कम आधार आहे. पहिल्या गीताला भूप, ‘राम जन्मला ग सखी’ला मांड, ‘पराधीन आहे जगती’ला यमनकल्याण. पण राग कोठेही शब्दांवर चढून बसत नाही. बाबूजींचा शब्दोच्चार तर असा की कडव्यातील एक अक्षरही चाचपडावे लागत नाही. ज्याला संगीताचा गंध नाही अशा माणसालाही ही चाल आपल्या गळ्यात मावेल असे वाटते. मावत नाही, हे गायला बसल्यावर कळते. पण तोवर गाणे पाठ झालेले असते! म्हणूनच याच चालींवर हिंदी, कन्नड, बंगाली, तेलुगू अशा भाषांत गीतरामायण उतरले. परदेशातही कसोटी हीच दिसते. इंग्लंडच्या बीटल्सचे 1965 मधील ‘यस्टरडे’ शेकडो गायकांनी पुन्हा गायिले. आपल्याकडे सुधीर मोघे यांचे ‘सखी मंद झाल्या तारका’ हे गीत राम फाटकांच्या चालीत आधी पंडित भीमसेन जोशींनी आकाशवाणीसाठी गायिले, नंतर बाबूजींनी. एवढे भिन्न दोन कंठ गाण्याने सोसले.

आता माझ्या व्यवसायातला एक दाखला देतो, वाचकांनी सांभाळून घ्यावे. बँकेत दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय ठरते. शिल्लक कितीही मोठी असो. कपाटात जपून ठेवलेली तबकडी हे असेच खाते होय. गीतरामायणावरचा व्यवहार कधी थांबलाच नाही. 1957 साली केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने त्याचे पुस्तक काढले, त्यामुळे शब्द हाती आले. स्वतः बाबूजी पुढील चार दशके गावोगाव त्याचे कार्यक्रम करीत राहिले. 2002 साली ते गेल्यावर श्रीधर फडके यांनी ते चालू ठेवले. त्याहून मोठा व्यवहार घराघरांतला. रामनवमीच्या पाळण्याला एक गीत, शोकसभेला एक गीत. आमच्या शाखेतील वृद्ध हेड कॅशियर मार्चअखेरीच्या रात्री रोकड जुळली की ‘सेतू बांधा रे’ गुणगुणत, आणि जुळली नाही की ‘पराधीन आहे जगती’. ज्या गाण्याला आयुष्यात अशी नेमून दिलेली जागा मिळते, ते निष्क्रिय होत नाही. ‘एक धागा सुखाचा’ ज्यातला, तो 1960 चा ‘जगाच्या पाठीवर’ आज किती जणांनी पाहिला आहे? गाणे मात्र निवृत्तीच्या प्रत्येक समारंभात कोणीतरी म्हणतोच.

1973 नंतर 2019 च्या जानेवारीत, अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली, संमेलन पुन्हा यवतमाळला आले. मधल्या काळात रेडिओ गेला, कॅसेट आली आणि गेली, आता सारे मोबाइलमध्ये. तरुण मुले कराओकेच्या साथीवर बाबूजी गातात, कित्येक जण सुरेलही गातात. एक गोष्ट मात्र मला खटकते. लांब गीतांची दोन-तीन कडवी घेऊन बाकीची गाळतात. ‘पराधीन आहे जगती’ हे चित्रकूटावर श्रीरामाने भरताची काढलेली समजूत आहे. त्याची अखेरची कडवी वगळली की उरते ते नुसते तत्त्वज्ञान. परत जा, राज्य तू कर, पुन्हा कोणी या अरण्यात येऊ नका, असे थोरला भाऊ धाकट्याला सांगतो, तो भागच ऐकणाऱ्याच्या कानी पडत नाही. आजी असती तर तिने ती कडवी मागून घेतली असती.