बोरातला सोंडकिडा

दिवाळीच्या सुमारास आमच्या मंगरूळपीरकडे धुऱ्यांवरच्या, म्हणजे तुमच्याकडील बांधांवरच्या, बोरींना हिरवी फळे धरतात. संक्रांतीला घरच्या तान्हुल्याचे बोरन्हाण व्हावयाचे ते याच बोरांनी! पण कोवळी फळे खुरटून टपटप गळू लागली, तर सोंडकिड्याचा संशय घ्यावा.

फळमाशीची अळी गर खाते. हा गृहस्थ त्याहून बेरकी! मादी कोवळ्या फळात अंडे घालते. अळी थेट आठळीत शिरून बी फस्त करते. तेथेच कोष होतो आणि भोक पाडून भुंगा बाहेर पडतो. गळलेले बोर म्हणजे त्याची बाळंतिणीची खोलीच म्हणा ना!

म्हणून झाडाखालची बोरे वरचेवर वेचून नष्ट करावीत. काम मुलांना सांगा. बोरे शेवटी त्यांचीच!