हार्दिक पंड्याचा सौदा : फायदा कोणाचा?

नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्स सोडून मुंबई इंडियन्सकडे परतला. टिटवाळ्याच्या लोकलमध्ये आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत त्यावर अजूनही वाद रंगतात. कोणी म्हणतो मुंबई फसली, कोणी म्हणतो गुजरातने हिरा गमावला. मुलांना आम्ही एवढेच सांगतो, आधी हिशेब मांडा, मग निकाल द्या.

आयपीएलमध्ये लिलावाबाहेरही दोन संघ आपसांत खेळाडूचा सौदा करू शकतात. त्याला खेळाडूची संमती लागते. या सौद्यात गुजरातला बदल्यात खेळाडू मिळाला नाही, पैसे मिळाले. हार्दिकचा मोसमाचा मोबदला १५ कोटी रुपये होता. तेवढी जागा करण्यासाठी मुंबईने कॅमेरून ग्रीनला १७.५ कोटींच्या किमतीसह बंगळुरूकडे दिले. म्हणजे मुंबईने खरे तर ग्रीन देऊन हार्दिक घेतला.

हा बदल वाईट होता का? ग्रीन तरुण होता, २०२३ मध्ये त्याने मुंबईसाठी ४५२ धावा केल्या होत्या. पण तो परदेशी, आणि सामन्यात चारच परदेशी खेळाडू खेळवता येतात. वेगवान गोलंदाजी आणि फटकेबाजी दोन्ही करणारा भारतीय खेळाडू दुर्मीळच. शिवाय हार्दिक घरचाच. २०१५ मध्ये १० लाखांत आलेला हा मुलगा मुंबईच्या चार विजेतेपदांत होता.

गुजरातची बाजूही समजून घ्यावी. हार्दिकच्या नेतृत्वाखाली ते २०२२ मध्ये विजेते आणि २०२३ मध्ये उपविजेते होते. पण पुण्याजवळ गहुंजेला विश्वचषकाच्या सामन्यात त्याचा घोटा दुखावला होता, आणि जायला तयार असलेल्या माणसाला अडवून उपयोग नसतो. त्यांनी शुभमन गिलला कर्णधार केले.

२०२४ चा मोसम दोघांनाही जड गेला. मुंबई १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला, दहावी, गुजरात आठवे. अर्थात गुजरातकडे त्या वर्षी दुखापतीमुळे मोहम्मद शमीही नव्हता. सगळे खापर एका सौद्यावर फोडणे बरोबर नाही.

२०२५ मध्ये चित्र पालटले. गुजरात तिसरे, मुंबई चौथी. ३० मे रोजी बाद फेरीत दोघे समोरासमोर आले आणि मुंबई २० धावांनी जिंकली. हार्दिकने त्या मोसमात लखनौविरुद्ध ३६ धावांत ५ बळीही घेतले. गुजरातही मोडून पडले नाही; त्यांच्या साई सुदर्शनने मोसमात सर्वाधिक ७५९ धावा केल्या.

आमच्या मते खेळाडू म्हणून हा सौदा मुंबईला परवडला, आणि गुजरातचेही कायमचे नुकसान झाले नाही. महाग पडले ते दुसरेच. १५ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईने पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माला बाजूला करून हार्दिकला कर्णधार जाहीर केले. माणूस आणणे एक, आणि घरातल्या थोरल्याला उठवून त्याच्या जागी त्याला बसवणे वेगळे. त्याची किंमत पैशांत मोजता येत नाही.

तो राग लोकांनी हार्दिकवर काढला. वानखेडेवर त्याच्याच संघाच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. पुढे २९ जून २०२४ रोजी टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक त्यानेच टाकले आणि भारत ७ धावांनी जिंकला. पाचच दिवसांनी त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला.

निर्णय संघमालकांचा, शिव्या मात्र खेळाडूला. मुले मोबाइलवर सामना पाहताना अशा शिव्या सहज उचलतात. अशा वेळी आई-वडिलांनी सामना बंद करण्याऐवजी शेजारी बसून विचारावे, "बाळा, हा निर्णय कोणी घेतला?" माणसाला तोलताना तराजू सरळ धरावा, ही सवय त्याला क्रिकेटबाहेरही उपयोगी पडेल.