ट्रॅक्टरची मंद चाल बिघडली असतां हेड खोलण्यापूर्वीं काय पाहावें ?

मृगाच्या तोंडाशीं ट्रॅक्टर अडून बसला म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाची जी तगमग होते, ती ज्यानें अनुभवली त्यासच ठाऊक. वापसा कोणासाठीं थांबत नाहीं. आणि अशा घाईच्या वेळीं कोणी ‘हेड खोलावें लागेल’ असें सांगितलें कीं आपण विचार न करतां मान डोलावतों. ती मान डोलावण्यापूर्वीं एक तास काढून काय पाहावें, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

दोन वर्षांपूर्वीं माझ्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला असाच आजार जडला. रेस दिली कीं इंजिन बरें चाले. रेस सोडली कीं सारें अंग थरथरे व मधूनच तें बंद पडे. एका कारखान्यांत दाखवितांच, रिंगा व व्हाल्व्ह गेले, सर्व काम काढावें लागेल, असा निर्णय मिळाला. हप्ता डोक्यावर होता. मीं एक दिवस मागून घेतला व गांवांतील एका वृद्ध मिस्त्र्यांस बोलाविलें. त्यांनीं पान्यास हात लावण्यापूर्वीं चार प्रश्न विचारले : “मालक, हें केव्हांपासून ? थंडपणीं अधिक कीं तापल्यावर ? धूर कसा ? आणि शेवटीं काय उघडलें होतें ?” शेवटच्या प्रश्नानें माझी मान खालीं गेली. आठच दिवसांपूर्वीं मीं टांकीजवळील गाळणीची वाटी धुतली होती व जुनेंच दबलेलें रबर परत बसविलें होतें. तेथून फीड पंप डिझेलबरोबर हवा ओढीत होता. नवें रबर बसवून हवा काढली, आणि इंजिन शांत झालें.

हा दोष मंद चालीवरच कां उघडा पडतो ? मंद चालीवर प्रत्येक सिलिंडरास मिळणारें डिझेल अत्यल्प असतें. त्यांत किंचित् कमीजास्त झालें तरी एक सिलिंडर मागें पडतें. वेग वाढला म्हणजे फ्लायव्हीलच्या जोरानें ती उणीव झांकली जाते. म्हणून थरथर दिसली एवढ्यावरून इंजिन झिजलें असें समजूं नये.

तपासणीचा नियम एकच : ज्या क्रमानें खर्च वाढतो, त्याच क्रमानें तपासावें. प्रथम धूर पाहावा. काळा धूर हवा कमी पडल्याचें किंवा नोझल डिझेल नीट फवारीत नसल्याचें लक्षण होय. थंडपणीं थोडा पांढरा धूर साहजिक आहे. इंजिन तापल्यावरही तो राहिला तर डिझेल अर्धवट जळत आहे, अथवा आंत पाणी जात आहे. निळा धूर ऑईल जळत असल्याचें सांगतो.

नंतर फुकटचीं कामें करावीं. इंजिनाखालचीं रबरें व बोल्ट ढिले तर नाहींत ना ? मंद चालीचा स्क्रू कोणी फिरविला काय ? चालीचा आंकडा यंत्राबरोबरच्या पुस्तकांत दिलेला असतो, त्याच्याशीं मीटर ताडून पाहावा. हवेची गाळणी साफ करावी. टांकीच्या व फिल्टरच्या तळाचें डिझेल कांचेच्या बाटलींत काढून थोडा वेळ ठेवावें. खालीं पाणी अगर गाळ बसला तर निम्मा शोध लागला. डिझेलच्या नळ्या व सांधे पाहून, फिल्टरवरील हवेचा स्क्रू ढिला करावा व हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी.

एवढ्यानेंही गुण न आल्यास कोणतें सिलिंडर मागें पडतें तें शोधावें. जुन्या धर्तीच्या पंपाच्या इंजिनांत, तें मंद चालत असतां, मिस्त्र्यानें एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित् ढिला करून पुन्हां आवळावा. ज्या नळीनें चाल पडते तें सिलिंडर काम करीत आहे. जिच्यानें फरक पडत नाहीं, दोष तेथें आहे. येथें फार जपावें. या नळींतील दाब सुमारें 200 वातावरणांचा असतो. निसटलेली धार कातडी भेदून आंत शिरते, व अशी जखम वरून लहान दिसली तरी तत्काळ इस्पितळ गांठावें लागतें. डोळ्यांस चष्मा असावा व हात दूर असावा. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाले. तेव्हांपासून अशा यंत्रांत कॉमन रेल पद्धति आली आहे. तींत दाब हजार वातावरणांहून अधिक असतो. त्या नळीस घरीं कदापि हात लावूं नये. तेथें संगणकानेंच तपास करवावा.

दोषी सिलिंडराचें नोझल शेजारच्याशीं बदलून, तांब्याचे वायसर नवे घालून पाहावें. दोष नोझलबरोबर सरकला तर केवळ नोझल दुरुस्तीस द्यावें. दोष जागींच राहिला तर टॅपेटचें अंतर तपासावें, व मग कॉम्प्रेशनचें मीटर लावावें. एका सिलिंडराचा आंकडा इतरांहून बराच कमी आला, ब्रीदरमधून भकाभक धूर आला, रेडिएटरांत सतत बुडबुडे उठले किंवा ऑईल दुधाळ झालें, तरच हेड खोलण्यास कारण आहे.

याचा अर्थ मोठी दुरुस्ती नेहमींच टाळावी असा नव्हे. ऑईलचा दाब पडला, आंतून ठोक ऐकूं आला किंवा ऑईलमध्यें पाणी दिसलें, तर यंत्र त्याच क्षणीं बंद करावें. तेथें काटकसर म्हणजे नुकसान होय. मात्र पुरावा हातीं नसतां खोललेलें इंजिन पुष्कळदां जुना दोष तसाच ठेवून नवा घेऊन येतें.

शेवटीं एक विनंती. बैलाच्या आजाराची तिथि आपण लक्षांत ठेवतों. तशीच एक वही ट्रॅक्टरचीही ठेवावी. काय, केव्हां उघडलें व काय बदललें, एवढें लिहिलें तरी पुरे. माझ्या वहींत त्या दिवशींची नोंद असती, तर मिस्त्र्यांस चौथा प्रश्न विचारावाच लागला नसता.