कामावरच्या जनावराची किंमत

पोलीस कुत्र्याची किंमत किती धरायची? इंग्लंडमध्ये 2016 साली ड्युटीवरच्या फिन नावाच्या कुत्र्याला आरोपीने चाकूने भोसकले. फिन वाचला, पण गुन्हा मालमत्तेच्या नुकसानीचा धरला गेला. पुढे 2019 मध्ये कायदा बदलावा लागला.

विम्याच्या हिशेबातही जनावर मालमत्ताच. पिल्लाच्या खरेदीभावावर विमा काढला, तर तालमीचा खर्च बुडाला समजा. कोरे कापड आणि जरीकाम झालेले कापड आपण एका भावात विकतो का?

टांग्याच्या घोड्याला, गाडीच्या बैलालाही हाच हिशेब लागू आहे. मूळ विमा सहसा मृत्यूचा असतो. जनावर कायमचे निकामी झाल्यास भरपाई हवी असेल तर जादा हप्ता पडतो. म्हणून व्यापारी बंधूंनी पॉलिसीत कामाचा प्रकार आणि पूर्ण किंमत आधीच लिहून घ्यावी.