शेपटीला लटकलेला 8

संपादकांनी विषय दिला तो ऐसपैस: संगणकावर पाश्चात्त्य नोटेशन कसं लिहितात ते बघा. मी लिलीपॉण्ड नावाचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, त्याची माहिती चाळायला लागलो आणि एका चिन्हापाशी अडकलो. पाच रेघांच्या डाव्या टोकाला वळणदार ट्रेबल क्लेफ असतो. त्याच्या शेपटीला कधीकधी एक बारीक 8 लटकलेला दिसतो. अर्थ एवढाच, की लिहिलंय त्याच्या एक सप्तक खाली वाजवा किंवा गा. बाकीचा विषय तिथेच बाजूला पडला.

लिलीपॉण्डचा इतिहास थोडक्यात असा. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच वादकांनी 1996 मध्ये ते सुरू केलं. धातूच्या पत्र्यावर हाताने कोरलेल्या जुन्या छपाईची शान संगणकाच्या पानाला यावी, हा त्यांचा ध्यास. इथे माऊसने स्वर टाकायचे नाहीत, अक्षरांत लिहायचे. नुसतं अक्षर लिहिलं की एक ठरावीक सप्तक, पुढे स्वल्पविराम दिला की एक सप्तक खाली, अपॉस्ट्रॉफी दिली की एक सप्तक वर.

आता हा 8 लागतो कशाला? डबल बेसच्या सगळ्यात जाड तारेचा स्वर साधारण 41 हर्ट्झचा. तो खऱ्या जागी लिहायचा तर बेस क्लेफच्या खाली चार जादा रेघा ओढून त्यांच्याही खाली लोंबकळतो. म्हणून तो एक सप्तक वर लिहितात, मग एका जादा रेघेवर भागतं. गिटारचंही तसंच. पिकोलोचं उलट, वाजतो त्याच्या एक सप्तक खाली लिहितात. ग्लॉकनश्पीलची तर दोन सप्तकं. गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांच्या कागदावर काही खूण नसतेच, वादकाला ते ठाऊक असतं. टेनर गायकांच्या ओळीला मात्र 8 लावायची चांगली पद्धत आहे, तरी ती सगळे पाळत नाहीत.

खुणेचा अर्थ पद्धतीवर ठरतो, हे आपल्याला नवं नाही. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर तेच टिंब म्हणजे मंद्र. एकाची बंदिश दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचली तर गळा दोन सप्तकं चुकेल. पण माणूस पुस्तकाचं नाव बघतो, पट्टी आठवतो, सावरून घेतो. सॉफ्टवेअरला असं सावरता येत नाही, त्याला कुठेतरी आकडा लिहून द्यावा लागतो.

तो कुठे लिहायचा, याचं लिलीपॉण्डचं उत्तर मला फार आवडलं. तिथे दोन वेगळ्या कळा आहेत. पहिली कळ क्लेफची: ट्रेबल या नावापुढे तळरेघ आणि 8 लिहिला, की तुम्ही वाजणारा स्वर टाइप करायचा, कागदावर तो सप्तकभर वर छापला जातो. दुसरी कळ वाद्याची, तिचं नाव ट्रान्सपोझिशन. तिथे तुम्ही कागदावर दिसणारा स्वर टाइप करता. छपाईला ती कळ हात लावत नाही, फक्त मिडीचा, म्हणजे संगणक वाजवून दाखवतो तो, आवाज हलवते. शिवाय एका वाद्याची ओळ दुसऱ्याच्या पानावर इशारा म्हणून उतरवताना ती हिशेबात येते. छापायचं काय आणि वाजायचं काय, यांत इतका स्वच्छ काडीमोड मी दुसरीकडे पाहिला नाही. गाणारे आणि वाजवणारे एकाच पानावरून वाचणार असतील आणि नक्की सप्तक मोकळं ठेवायचं असेल, तर 8 कंसातही टाकता येतो. असली बारकाई वादकालाच सुचते.

भांडण लागतं ते दोन्ही कळा एकदम दाबल्या की. गिटारची जाड तार घ्या. मिडीत प्रत्येक स्वराला क्रमांक असतो आणि सप्तक म्हणजे 12. कागदावर दिसणारा स्वर 52, वाजायला हवा 40. क्लेफने 12 वजा केले आणि वाद्यानेही केले, तर येतात 28. म्हणजे गिटारवाल्याच्या हातात चक्क डबल बेसची जाड तार. त्यातून लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरला 41 हर्ट्झ धड पेलत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला पुष्कळदा चूक कळतही नाही.

फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेली की हे दुखणं वाढतं. म्युझिकएक्सएमएल या सामाईक स्वरूपातही सप्तकाला दोन घरं आहेत, एक क्लेफच्या नोंदीत, दुसरं वाद्याच्या. क्लेफच्या घरात आकडा असेल तर स्वर वाजणारा लिहिलेला असतो, वाद्याच्या घरात असेल तर दिसणारा. पाठवणाऱ्याने एक धरलं आणि घेणाऱ्याने दुसरं, की सप्तक हरवतं तरी किंवा दुप्पट होतं. डोरिको या नोटेशन सॉफ्टवेअरने तर क्लेफवरचा 8 मानायचा की दुर्लक्षायचा, असा पर्यायच वापरणाऱ्याच्या हाती दिला आहे. सोय खरी, पण एकच पान दोन घरी दोन तऱ्हेने वाजण्याची वाटही तीच. त्यात कॉन्सर्ट पिचची भर. या प्रकारच्या स्कोअरमध्ये सगळं वाजतं तसं लिहायचं, असं म्हणतात. क्लॅरिनेट मुकाट्याने जागेवर येतो, पण पिकोलो आणि डबल बेस रिवाजाने आपल्या सप्तकातच राहतात. हा अपवाद प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळा शिकवावा लागतो.

दोष मी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना देणार नाही. कागदाने शेकडो वर्षं जे वादकाच्या डोक्यावर सोपवलं, ते त्यांना आकड्यांत मांडावं लागतंय.

समूहगानासाठी टेनरची ओळ लिहून फाइल पाठवणाऱ्यांना मात्र एक विनंती. 8 छापाच, आणि वाद्याच्या घरातलं सप्तक शून्यावर ठेवा. मग रेघांमधल्या खालून तिसऱ्या मोकळ्या जागेत एक सी लिहून त्याचा मिडी क्रमांक बघा. तो 60 यायला हवा. 48 आला तर सप्तक दोनदा वजा झालंय, 72 आला तर एकदाही नाही.